निळी केलेली फियाट

एलिझाबेथबाईंना नवऱ्याचं नाव आठवेनासं झालं त्याला दोन वर्षं झाली होती. तरी रविवारी चर्चहून येऊन जेवणं उरकली आणि एलिया भिंगारदिवे सरांनी पत्र्याच्या शेडमधली फियाट बाहेर काढली, की त्या ओट्यावरून आपणहून उठत. पदर नीट करत, पायात चप्पल आहे की नाही ते बघत, गाडीपाशी येत आणि तिच्याकडे पाठ करून उभ्या राहत. त्या गाडीची पुढची दारं उलटी उघडतात. बिजागऱ्या मागच्या बाजूला. पाठमोरं होऊन आधी टेकायचं आणि मग पाय आत ओढून घ्यायचे, ही तिच्यात बसायची रीत. तोंडातला घास चावायचा की गिळायचा हेही ज्या बाईला सांभाळायला ठेवलेल्या मुक्ताबाईंनी सांगावं लागे, तिला ही रीत कुणी सांगावी लागत नव्हती.

आत बसल्यावर त्यांचा उजवा हात डॅशबोर्डकडे जाई. मधोमध एक कॅसेट प्लेअर होता. सरांनी एक्क्याण्णव साली पत्रा कापून बसवून घेतलेला, आणि गेली कितीतरी वर्षं मुका. त्याचं बटण त्या फिरवत. बटण टक् वाजे आणि एलिझाबेथबाई गाऊ लागत. चर्चच्या गायनातला खालचा सूर. वरची चाल सरांनी धरायची. घोडेगाव सोडलं, की इमामपूरचा घाट चढून होईपर्यंत दोघांची तीन-चार गीतं होत. माथ्यावर गाडी वळवून सर उताराला लागले, की बाई एका हाताने दार धरत आणि म्हणत, "अहो, सावकाश."

त्या एका 'अहो'वर सर आठवडा काढत. घरात ते कधी 'दादा' असत, कधी 'गुरुजी', कधी नुसताच अनोळखी म्हातारा, ज्याच्यासमोर बाई पदर सावरून भिंतीकडे सरकत. गाडीत मात्र ते तिचा नवरा होते, आठवड्यातून दीड तास.

गाडी एकसष्ट सालची. मूळची मिशनच्या दवाखान्यातल्या जॉन डॉक्टरांची. एकवीस वर्षांची एलिझाबेथ त्र्याहत्तर साली नर्स होऊन तिथे आली, तेव्हापासून ती या गाडीतून खेड्यापाड्यांतली बाळंतपणं करायला जात होती. सर मूळचे श्रीगोंद्याचे. शहात्तर साली इथल्या शाळेत विज्ञान शिकवायला आले आणि दोन वर्षांनी त्यांचं लग्न झालं. चौऱ्याऐंशी साली डॉक्टर गाव सोडून गेले, तेव्हा जाताना गाडी यांच्या हवाली करून गेले. मूलबाळ झालं नाही. गाडी होती. लोक हसून म्हणत, सरांनी हिला शाळेत तेवढी घातली नाही.

चाळीस वर्षांत दोघांनी ती आपल्या सोयीची करून घेतली होती. सीटचं रेक्झिन फाटलं, तेव्हा बाईंनी दवाखान्याच्या पडद्यांचं उरलेलं हिरव्या चौकडीचं कापड आणून स्वतः खोळी शिवल्या. ट्रकला लावतात तसा एक चिमुकला पंखा समोर बसवला. पर्स अडकवायला एक खिळा वाकवून ठोकला. डाव्या मागच्या दाराला पोचा होता, तो बाई गाडी शिकताना बोरीच्या झाडाला घासल्याचा. सरांनी तो कधी काढला नाही. कुणी पाहुणा आला की ते हटकून तो दाखवत, आणि बाई म्हणत, "झाडच आडवं आलं होतं." गाडीचा रंग कुणी विचारला तर सांगता आला नसता. राखाडी म्हणावा, मातकट म्हणावा, शेवाळी म्हणावा. जुन्या पातेल्याला जसा नुसता जुनेपणाचा रंग असतो, तसा; सरांनी ती पहिल्यांदा पाहिली तेव्हाही तो असाच होता.

मागच्या वर्षी हिवाळ्यात नगरला जुन्या गाड्यांचं प्रदर्शन भरलं. सर सहज म्हणून फियाट घेऊन गेले. तिथे राजेश्वरी नावाची एक पन्नाशीची बाई भेटली. ती गाड्या तपासायची. कारखान्यातून निघाली तशीच राहिलेली जी गाडी असेल, तिला त्यांच्या मंडळातर्फे एक पितळी पट्टी मिळत असे. राजेश्वरीबाई फियाटभोवती पाव तास फिरल्या. वाकून खाली पाहिलं, इंजिनावरचा नंबर वहीत उतरवून घेतला. मग म्हणाल्या, "सर, गाडी बरीचशी मूळची आहे. आतलं काहीबाही बदललंय तुम्ही. पुढच्या वर्षी रीतसर तपासणीला आणा. पण फार हात लावू नका हां."

माणूस आपल्याला हवं तेवढंच ऐकतो. सरांनी 'मूळची आहे' हे ऐकलं आणि 'काहीबाही बदललंय' हे ऐकलं.

आयुष्यात त्यांना कधी कुणी बक्षीस दिलं नव्हतं, हे एक झालं. पितळी पट्टीचा मोह झाला नाही असं ते पुढेही कधी म्हणाले नाहीत. पण दुसरं कारण जास्त खोल होतं. बाईंना तपासणाऱ्या डॉक्टरांनी एकदा सांगितलं होतं, की अशा पेशंटला जुन्या वस्तू, जुने फोटो दाखवत जा, अलीकडचं पुसलं तरी मागचं उशिरापर्यंत टिकतं. त्या वाक्याला सरांनी आपल्या मनात फांद्या फुटू दिल्या. या जुनाट, ठिगळ लावलेल्या गाडीत बसून एलिझाबेथ एक 'अहो' म्हणते. मग तीच गाडी तिच्या एकविसाव्या वर्षी होती तशी केली तर? त्या वेळचं सगळं तिला दिसेल. पुढचं दार उघडलं, की त्यामागची खोलीही उघडेल.

"चांगली चालती गाडी कशाला उकलायची?" मुक्ताबाई बाईंची वेणी घालता घालता म्हणाल्या. "अन् रविवारी बाईला काय टांग्यातून फिरवनार हाय का?"

"तीन-चार रविवारांचा तर प्रश्न आहे."

"आमच्या गावात देवळाच्या कळसाचं बी असंच तीन-चार रविवारांचं हुतं," मुक्ताबाई म्हणाल्या. "नातवंडं झाली माझी."

रंगाचा प्रश्न सगळ्यात आधी आला. मूळचा कुठला होता? चर्चला शंभर वर्षं झाली तेव्हाची स्मरणिका सरांच्या कपाटात होती. तिच्यात एका पानावर रंगीत फोटो होता: दवाखान्याच्या दारात जॉन डॉक्टर, शेजारी नवी कोरी फियाट, आकाशी निळी. मिशनच्या आवारातल्या दोन पिढ्यांनी तो फोटो पाहिलेला. म्हातारी माणसं अजून 'डॉक्टरांची निळी गाडी' असंच म्हणत. स्मरणिकेत छापलंय म्हटल्यावर त्यावर वाद घालायची इथली रीत नव्हती. लग्नाच्या तारखा, कुणाच्या आजाचा बाप्तिस्मा कधी झाला, दवाखान्याची विहीर कुणी खणली, सगळ्या भांडणांचा निकाल त्याच पुस्तकातून लागायचा.

सरांनी तो फोटो बाईंच्या मांडीवर ठेवला. "एलिझा, बघ. डॉक्टरांची गाडी."

बाईंनी बराच वेळ पाहिलं. "निळी?" त्या म्हणाल्या. "निळी कुठली. पावसाळ्यात चिखल दिसायचा नाही अशी होती."

सरांनी त्यांच्या केसांवरून हात फिरवला आणि स्मरणिका मिटली. सकाळीच त्या आरशातल्या स्वतःला 'या ना बाई, बसा' म्हणाल्या होत्या.

गॅरेज कारभारीचं. घोडेगावात हायवेला लागून. कारभारी पन्नाशीचा, एलिझाबेथबाईंच्याच हातावर जन्मलेला, आणि हे तो प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगायचा. त्याने बॉनेटचा एक कोपरा पॉलिशपेपरने घासून पाहिला. राखाडी, आणि राखाडीखाली थेट पत्रा.

"निळा कुठंय यात?" सरांनी विचारलं.

"ह्यो राखाडी थर हाय नव्हं, ते अस्तर, सर. कंपनी आधी अस्तर मारती, मग रंग. वरचा निळा उनानं खाल्ला."

"सगळा?"

"साठ वर्षं झाली." कारभारीने आपल्या टकलावरून हात फिरवला. "हितं काय हुतं ते तुमी पाह्यलंय. मी शाळेत असताना भांग पाडायचो."

सर हसले. शंका तिथेच मिटली.

तीन-चार रविवारांचे साडेचार महिने झाले. डॅशबोर्डचा अखंड पत्रा मिळेना. तो शेवटी पुण्याहून आला, आणि भोक पाडलेला जुना पत्रा, प्लेअरसकट, निघाला. पंखा निघाला, खिळा निघाला. सीटना मूळच्यासारखं लाल-करडं रेक्झिन लागलं. पोचा काढताना कारभारी एकदा थांबला होता. "सर, ह्यो राहू द्यायचा का? सिस्टरचा हाय." सरांनी क्षणभर विचार केला आणि म्हणाले, काढ. कारखान्यातून निघताना तो नव्हता.

त्या साडेचार महिन्यांत बाई रविवारी दुपारी ओट्यावर येऊन बसत आणि रिकाम्या शेडकडे पाहत. आधी आधी "पेशंट ताटकळले असतील" म्हणत. नंतर नुसत्या पाहत. पुढे पुढे ओट्यावर येणंही सुटलं. सरांनी भाड्याची गाडी बोलावून पाहिली, त्या बसल्या नाहीत. सूर गेला तो याच दिवसांत. गेला म्हणजे एकदम गेला नाही. आधी शब्द गेले, मग चाल, शेवटी नुसतं ओठ हलणं राहिलं. दुखण्यानेच ते व्हायचं होतं, असं डॉक्टर म्हणाले. असेलही.

गाडी आली त्या दिवशी शाळेची पोरं फाटकाशी जमली. ती निळाई उन्हात बघवत नव्हती. "नवरीवानी दिसतीय," कारभारी म्हणाला. सर आत गेले, बाईंना हाताला धरून बाहेर आणलं. दार उघडून ठेवलं.

एलिझाबेथबाई गाडीकडे तोंड करून उभ्या राहिल्या. पाठमोऱ्या झाल्या नाहीत. सरांनी आणि मुक्ताबाईंनी त्यांना दोन्ही खांद्यांना धरून वळवलं, टेकवलं, पाय उचलून आत ठेवले. गाडी सुरू झाली. बाईंचा उजवा हात उठला आणि डॅशबोर्डवर गेला. गुळगुळीत पत्र्यावर बोटं इकडून तिकडे फिरत राहिली. अंधारात काडेपेटी शोधावी तशी. मग बोटं थांबली, आणि त्या सरांकडे वळल्या. चेहऱ्यावर भीती होती.

"दादा, गाडी कुणाची आहे?"

"आपलीच आहे, एलिझा. डॉक्टरांची. नीट बघ."

"मला उतरवा," त्या म्हणाल्या. "तुमच्या पाया पडते, उतरवा मला."

फाटकाच्या बाहेर वीस पावलांवर सरांनी गाडी थांबवली.

पुढचे तीन रविवार त्यांनी प्रयत्न केला. दुसऱ्या रविवारी त्यांनी स्वतःच वरची चाल धरून पाहिली. बाई कान झाकून रडू लागल्या. तिसऱ्या रविवारी मुक्ताबाई आडव्या आल्या. "बास झालं, सर. जनावरालाबी असं कोंबत न्हाईत."

तपासणीला ते एकटेच गेले. खरं तर आता पट्टी कशाला हवी होती? पण माणसाने एवढं मोडल्यावर त्यातून काहीतरी घडलं असं त्याला वाटावं लागतं. निदान गाडी तरी अस्सल आहे, हा एक आधार उरला होता, आणि तो धरून ते नगरला पोचले.

राजेश्वरीबाईंनी गाडी पाहिली. डिकी उघडली, जादा चाक बाहेर काढलं, त्याखालचं रबर उचकटून टॉर्च मारला. कारभारीचा ब्रश तिथपर्यंत पोचला नव्हता. हाताच्या पंजाएवढी जागा जुन्या रंगाची शिल्लक होती. त्यांनी त्यावरून बोट फिरवलं.

"निळा कुणी सुचवला, सर?"

सरांनी पिशवीतून स्मरणिका काढून पान उघडलं. राजेश्वरीबाईंनी चष्मा कपाळावर चढवून फोटो डोळ्यांजवळ नेला.

"हा फोटो मूळचा काळा-पांढरा आहे," त्या हळूच म्हणाल्या. "वरून ब्रशने रंग भरलाय. स्टुडिओत करायचे तसं तेव्हा. डॉक्टरांचे ओठ बघा."

सरांनी पाहिलं. डॉक्टरांचे ओठ डाळिंबी होते. गालांवर लाली. पायाखाली नेवासा तालुक्याची जमीन कोकणासारखी हिरवीगार. चाळीस वर्षं ते पान त्यांनी पाहिलं होतं, दहावीच्या पोरांना निरीक्षण कसं करावं हे शिकवता शिकवता.

"म्हणजे खालचा तो राखाडी..."

"अस्तर नव्हतं. कारखान्याचा रंग होता तो. साठ वर्षं टिकला होता."

"परत मारता येईल?"

"मारता येईल," त्या म्हणाल्या. "पण तो मारलेला असेल." मग त्यांनाच ते कठोर वाटलं असावं. "पुन्हा बांधलेल्या गाड्यांचा वेगळा गट आहे, सर. त्यात नंबर लागेल तुमचा. काम सुबक झालंय."

सरांनी मान हलवली आणि जादा चाक स्वतःच उचलून जागेवर ठेवलं. घाटात येताना त्यांना गाडी कडेला घ्यावी लागली. पट्टीचं काही वाटत नव्हतं. त्यांना आठवत होतं ते बाईंच्या मांडीवरचं पान. *चिखल दिसायचा नाही अशी होती.* सगळी पडझड झालेल्या त्या डोक्यात एक जागा शाबूत होती. तिथून तिने त्यांना नेमकं, सरळ उत्तर दिलं होतं. साऱ्या गावात गाडीचा खरा रंग एकट्या तिला माहीत होता, आणि तिने तो सांगितला होता. त्यांनी तिच्या डोक्यावरून हात फिरवून पान मिटलं होतं.

दुसऱ्या दिवशी ते गॅरेजवर गेले. डॅशबोर्डचा पत्रा आणि प्लेअर कारभारीने केव्हाच भंगारवाल्याला घातला होता. खोळींचं विचारलं, तर तो खाली पाहू लागला. एका डब्यात ऑइल पुसायचे बोळे होते. सरांनी त्यातून एक उचलला. काळ्याकुट्ट चिकटलेल्या घडीत आत कुठेतरी हिरवी चौकडी होती.

"मला काय ठावं, सर," कारभारी म्हणाला. "तुमीच म्हनालात, जुनं काई ठेवायचं न्हाई."

"मीच म्हणालो," सर म्हणाले.

कारभारी गप्प बसणाऱ्यातला नव्हता. त्याने नगरची, नेवाशाची भंगाराची दुकानं पालथी घातली. पत्रा मिळाला नाही. तेच सांगायला तो एका रविवारी दुपारी सरांच्या घरी आला, कांद्याच्या गोण्या टाकायची आपली पिकअप घेऊन. पिकअपला रंग म्हणून नव्हता. दाराचा पत्रा सडलेला, सीटमधून काथ्या बाहेर आलेला, आणि आत ऑइलचा, घामाचा, कांद्याचा वास.

तो फाटकातून आत आला आणि इंजिन सुरूच ठेवून खाली उतरला. ओट्यावर कितीतरी दिवसांनी मुक्ताबाईंनी बाईंना आणून बसवलं होतं. एलिझाबेथबाई उठल्या. पदर नीट केला. कुणाचा हात न धरता तीन पायऱ्या उतरल्या आणि पिकअपच्या दाराशी जाऊन उभ्या राहिल्या.

मग मुक्ताबाईंनी पुढे होऊन त्यांना वर चढवलं. बाई त्या फाटक्या सीटवर ताठ बसल्या, कारभारीकडे पाहून म्हणाल्या, "चला डॉक्टर, उशीर झालाय. खरवंडीला बाळंतीण अडलीये." आवाज स्वच्छ होता, तरुण होता. सरांनी तो आवाज कधी ऐकलेला नव्हता.

कारभारीने सरांकडे पाहिलं. डोळ्यांत पाणी होतं त्याच्या. "सर, तुमी बसा बाजूला. जागा हाय."

सर पुढे झाले. दाराच्या खिडकीशी येऊन उभे राहिले. इतके दिवस तिला मागे, तिच्या एकविसाव्या वर्षात न्यावं म्हणून त्यांनी एवढा खटाटोप केला होता. आता ती तिथे पोचली होती. त्या वर्षी एलिया भिंगारदिवे श्रीगोंद्यात होते, आणि या गावाचं नावही त्यांना ठाऊक नव्हतं.

बाईंनी खिडकीतून त्यांच्याकडे पाहिलं. नर्स बघते तसं, घाईने.

"तुम्ही पेशंटचे कोण?"

"नवरा," सर म्हणाले.

"मग असे उभे काय राहिलात? मागून चालत या. गाडीत जागा नाही." आणि जरा मऊ होऊन, "घाबरू नका. होईल सगळं नीट."

कारभारी चढला. पिकअप वळली, फाटकातून बाहेर पडली आणि हायवेच्या दिशेने गेली. मुक्ताबाई काहीतरी म्हणाल्या, ते सरांनी ऐकलं नाही. ते चालत निघाले होते. शाळेवरून, चर्चवरून, उन्हातल्या कच्च्या रस्त्याने ते पार हायवेपर्यंत गेले. तिथे दोन्ही बाजूंना पाहिलं. शिंगणापूरला जाणाऱ्या गाड्यांची रांग लागली होती, आणि पिकअप कुठे दिसत नव्हती.